उजव्या हाताला नदी

कमळूतात्यांची नर्मदा परिक्रमा मी मोडली. सव्वा वर्ष एकटा, पाठीवर बोजा घेऊन चाललेला माणूस. वाट संपायला तेरा-चौदा दिवस उरलेले. आणि मी ती अर्ध्या तासात मोडली. चोरी केली नाही, भांडलो नाही, कुणी मला फितवलंही नव्हतं. मी मदत करत होतो. माझ्या हातून आयुष्यात जी मोठी नुकसानं झाली ती सगळी मी मदत करत असतानाच झाली आहेत. नुसता बसून राहिलो तर माझ्यापासून सहसा कुणाला अपाय होत नाही.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी केळवलीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा कमळूतात्या कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर चावीवाले होते. रूळ जागच्या जागी धरून ठेवायला ज्या पाचरी ठोकलेल्या असतात त्यांना चाव्या म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्याने त्या सैल होतात. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं, सैल चावी दिसली की हातोड्याने बसवायची, आणि परत यायचं. तात्यांची हद्द केळवली ते लौजी. तीन मैल जायचं, तीन मैल यायचं. तीस वर्षं.

या तीस वर्षांनी त्यांच्या पायांना एक वळण लावलं होतं. रुळांखालच्या दोन आडव्या स्लीपरांमध्ये जेवढं अंतर तेवढंच त्यांचं पाऊल पडे, मग खाली रूळ असो वा नसो. खालापूरच्या बाजारातसुद्धा ते तसेच चालत, नजर चार हात पुढे जमिनीवर, पाऊल मोजून मापून. माझ्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत ओळीने त्यांची नक्कल करत जायची. तात्या ती रांग पाहायचे आणि शेवटच्या पोराला म्हणायचे, "तुजं पाऊल लांब पडतं रं. वाईच आखड."

शहाणपणा मिरवण्याची मला तेव्हा फार हौस. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना रुळावर गाठलं आणि म्हणालो, "तात्या, रोज तोच रस्ता, त्याच चाव्या. कंटाळा नाही येत?"

त्यांनी एक चावी ठोकली. टण् असा आवाज झाला. दुसरी ठोकली. तीही टण्. तिसरी मात्र बद्द वाजली. ती दोन घावांत बसवून ते म्हणाले, "काल ही बी टण् म्हनत व्हती. मास्तर, तुमी रोज बे एके बे शिकवता. पोरांचं काल आलेलं आज ऱ्हातं का?"

मी त्या दिवशी वर्गात जाऊन बे एके बे पुन्हा घेतलं. अकरा जणांना येत नव्हतं.

त्यांच्या बायकोचं नाव हिरू. आम्ही हिरूकाकी म्हणत असू. उंचीने तात्यांच्या खांद्याला लागायची, आवाज मात्र खोपोलीच्या भोंग्याला ऐकू जाईल असा. दुपारी बारा वाजता ती लाइनीच्या कडेला करंजाच्या झाडाखाली भाकरी घेऊन उभी असायची. तात्या यायचे, हातोडा आडवा ठेवायचे, जेवायचे. त्या वेळी फक्त ती बोलायची. शाळा तिथून दोन हाकांवर, म्हणून एखादी भाकरी माझ्याही वाट्याला येई. तांदळाची भाकरी आणि वर सुक्या जवळ्याची चटणी. मी देशावरचा ब्राह्मण, घरी कळलं असतं तर आईने अंघोळ घातली असती. पण ती चटणी अशी होती की मी कुठल्याही अंघोळीला तयार होतो.

एका पावसाळ्यात एक गोसावी चार दिवस त्यांच्या पडवीत अडकून राहिला. तो नर्मदेची परिक्रमा करून आलेला. त्याने हिरूकाकीला सगळं सांगितलं. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि तिच्या काठाने चालत सुटायचं. समुद्रापाशी मुखाला वळसा घालायचा, डोंगरात उगमाला वळसा घालायचा, आणि निघालो त्या घाटावर परत यायचं. वाटेत मिळेल ते खायचं. निघताना बाटलीत नदीचं पाणी भरून घ्यायचं, त्याची रोज पूजा करायची, आणि परत आल्यावर ते नदीत सोडायचं. एकच मोठी मनाई: मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. ओलांडली की मोडली.

तेव्हापासून हिरूकाकीने एकच धोशा लावला. "सरकारसाटी इतकं चाललात. एकडाव माज्यासाटी चाला."

"किती मैल हाय?" तात्यांनी विचारलं.

"असंल दीड-दोन हजार."

तात्यांनी मनात भागाकार केला असावा. म्हणाले, "रोजचे सहा धरले तर रविवारची सुट्टी धरून वरीसभर. जाऊ. पेन्शनीत निगालो की जाऊ."

त्या दिवसापासून काकीने दोन नवी लुगडी पेटीत घालून ठेवली. एक जाताना, एक येताना.

पेन्शनीला एक वर्ष असताना काकी आजारी पडली. कर्जतच्या दवाखान्यातून बाटलीतलं औषध यायचं. त्या काळी कंपाउंडर बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. एक खूण म्हणजे एक डोस. तात्या कामावरून आले की पट्टीकडे बघून औषध पाजायचे. असं आठ महिने चाललं. शेवटच्या बाटलीतले तीन डोस शिल्लक असताना ती गेली.

त्यानंतर चार महिन्यांनी तात्यांनी हातोडा आणि झेंडे सरकारजमा केले. एक मोडका, टाकून दिलेला हातोड्याचा दांडा तेवढा साहेबाला विचारून मागून घेतला. त्याची काठी केली. त्यांची एकुलती मुलगी सुगंधा खालापूरला दिलेली, जावई शिंपी. त्याने जुन्या ताडपत्रीची पाठीवर घ्यायची पिशवी शिवून दिली, पट्टे बाजेच्या निवारीचे. तात्यांनी त्या पिशवीत लाइनीवरची खडी भरली आणि सराव सुरू केला.

"खडी का, तात्या?"

"सामान भरून सराव केला तर सामान झिजंल."

पण बोज्यापेक्षा जमिनीची भीती त्यांना जास्त होती. स्लीपर नसलेल्या वाटेवर पाऊल कुठे टाकायचं हेच त्यांना कळत नव्हतं. म्हणून आम्ही एका रविवारी कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे गेलो, चांगली दगडधोंड्यांची, ओढ्याकाठची चढण. वाट मला ठाऊक आहे असं मी सांगितलं होतं. ठाऊक नव्हती. दोन तासांनी आम्ही एका काटेरी जाळीत उभे होतो आणि मी तात्यांना सूर्यावरून दिशा समजावून देत होतो. समजावता समजावता मी ओढ्यात गेलो. तात्यांनी काठी पुढे केली, मला वर ओढलं, पाठीवरची खडी सारखी केली आणि म्हणाले, "मास्तर, तुमी मागनं चाला. फुडं चालनं तुमच्या अंगात नाय."

हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

दिवाळीनंतर ते निघाले. मी त्यांना माझा पत्ता घातलेली पोस्टकार्डं गठ्ठ्याने दिली होती. तात्यांना सहीपुरतं लिहिता येई. कल्याणपर्यंत मी पोचवायला गेलो. गाडी यायच्या आधी त्यांनी पिशवी उघडून मला दाखवली. एक कांबळं, एक धोतर, एक तवा, काकीचं येतानाचं म्हणून ठेवलेलं लुगडं, आणि त्या लुगड्यात गुंडाळलेली औषधाची ती शेवटची बाटली. धुऊन लख्ख केलेली, पण कागदाची पट्टी त्यांनी भिजू दिली नव्हती.

"पानी यात भरनार," ते म्हणाले. "चालनार ती. मी हमाल."

मग कार्डं येऊ लागली. वाटेतल्या कुणाकुणाकडून लिहून घेतलेली, बहुतेक हिंदीत, पण मजकूर ठरलेला: गावाचं नाव, मग 'छह मील', मग 'सब ठीक'. तीस वर्षं संध्याकाळी साहेबाला द्यायचे तसा रिपोर्ट ते मला देत होते. रोज सहाच मैल. लोक म्हणत, बाबा, पुढच्या गावात सोय चांगली आहे, आणखी दोन मैल चला. हे चालायचे नाहीत. रविवारी सुट्टी. शूलपाणीच्या जंगलात भिल्लांनी कांबळं आणि तवा काढून घेतला. त्या कार्डात लिहिलं होतं, 'बोतल है.' समुद्रापाशी होडीने मुखाला वळसा घातला. पावसाळ्याचे चार महिने रीतीप्रमाणे एका गावात बसून काढले. उगमाकडे जाऊन वळले, आणि होशंगाबादहून कार्ड आलं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मी टाचण्या टोचत होतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ते हंडियाला असणार असा मी हिशेब केला, आणि सांगायला अभिमान वाटतो की तो बरोबर आला. आयुष्यात माझं तेवढंच एक गणित बरोबर आलं, आणि ते आलं नसतं तर बरं झालं असतं.

वीस दिवसांची रजा टाकून मी निघालो. सांगितलं की तात्यांना सोबत करतो. मनात असं की शेवटचे तेरा-चौदा दिवस बरोबर चालायचं आणि सव्वा वर्षाच्या पुण्यातला वाटा फुकटात उचलायचा. सुगंधाने तांदळाचं पीठ बांधून दिलं. म्हणाली, "बाबांना म्हनावं, आता पुरे. संपलं की सीदं घरी या. पोरगं चालाय लागलं, त्यानं आजा बगितला नाय."

हरद्याला गाडीतून उतरून मोटारीने हंडियाला पोचलो. तात्या घाटावर बसले होते. वाळून काटकी झालेले, दाढी छातीपर्यंत. मला पाहून म्हणाले, "कोंडान्यासारकं नाय ना झालं? वाट सापडली?" मग पिठाचं फडकं उघडून कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला आणि तिथून शिधा आणायला गेले. जाताना पिशवी माझ्याजवळ दिली. "मास्तर, हिला एकली सोडू नका."

मी तासभर चोख राखण केली. समोर, पलीकडच्या तीरावर नेमावर गावचं देऊळ उन्हात झळाळत होतं. जुनं, उंच, काळ्या दगडाचं. इतक्या लांब येऊन ते न पाहता जायचं? नावाडी हाका घालत होता, "चलो, अभी लौट आयेंगे!" मी विचार केला. परिक्रमेत तात्या आहेत, मी नाही. मला ओलांडायला हरकत नाही. पिशवी एकटी सोडायची नाही. तेव्हा ती पाठीवर घेतली. इतका बिनचूक विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

पाठीवर ती पिशवी, हातात तात्यांची काठी. नावेतल्या एका म्हातारीने मला वाकून नमस्कार केला, "नर्मदे हर, बाबाजी." तिला खरं काय ते सांगावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी हात वर करून आशीर्वाद दिला. पलीकडे उतरल्यावर आणखी चार जणांना दिला. एकाने लाडू दिला, तो खाल्ला. देवळाला घाईघाईने प्रदक्षिणा घातली आणि परतीच्या नावेत बसलो.

नावाडी म्हातारा होता. नाव मध्यावर आली तेव्हा त्याने विचारलं, "महाराज, परकम्मावाले होकर पार कैसे उतरे?"

मी हसून म्हणालो, "मैं नहीं, भैया. ये झोला परकम्मा में है. मैं तो सिर्फ सँभाल रहा हूँ."

त्याचं वल्हं थांबलं. त्याने पिशवीकडे पाहिलं. "झोले में मैया का जल है?"

तेव्हा मला कळलं. नाव मध्यावर तशीच तरंगत होती, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर तात्या ओल्या धोतराने उभे होते. उपरण्याच्या टोकात शिधा बांधलेला. हात हलवत नव्हते. नुसते बघत होते.

मी उतरलो. त्यांनी माझ्या पाठीवरून पिशवी काढून घेतली, लुगडं उलगडलं, आणि बाटली उजेडात धरली.

"किती येळ व्हती ती तिकडं?"

"अर्धा तास. तात्या, मी…"

"हां."

घाटावरचे गुरुजी आले. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही स्वतः ओलांडली नाही, जे झालं ते अजाणता झालं, अकरा कुमारिकांना जेवू घाला आणि पुढे निघा, काही मोडलेलं नाही. मी त्या शब्दांना बुडत्यासारखा धरून बसलो. कुमारिका मी जेवू घालतो म्हणालो. अकरा का, एकवीस घालतो. तात्या वाकून गुरुजींच्या पाया पडले. मग माझ्याकडे वळले.

"मी नाय वलांडली, खरं हाय. पन ती वलांडली. चालत तीच व्हती."

"पण तात्या, कुणाला कळणार आहे?"

"कुनी बगत नसतं म्हनून तर चावीवाला ठेवत्यात, मास्तर. चावी ढिली हाय हे कळल्यावर मी फुडं गेलो, तर मागनं गाडी येते."

ते पाण्यात उतरले. बूच काढून बाटली उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तशीच धरून ठेवली, आणि तो थेंब पडायला फार वेळ लागला. मग तीनदा विसळली, आणि कागदाच्या पट्टीवरच्या सगळ्यात वरच्या खुणेपर्यंत पुन्हा भरली. पट्टीला हात लागू न देता.

"जितं ढिली सापडली तितंच ठोकायची," ते म्हणाले. "हितनं सुरू. परत हितं आलो की पुरं."

"पुन्हा पूर्ण? तात्या, साठी आली तुमची. पाय…"

"बारा वाजलं. आजचं सहा मैल व्हायचं हायत."

मी बरोबर येतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पिठातलं अर्धं पीठ मला परत बांधून दिलं, गाडीत खायला. मग पिशवी पाठीवर घेतली, आणि नदी उजव्या हाताला ठेवून स्लीपरांच्या अंतराने पावलं टाकत निघून गेले. एक-दोनदा काठीने वाटेतला दगड ठोकलेला ऐकू आला.

घरी येऊन मला हे सुगंधाला सांगावं लागलं. ती दुकानात काजं करत होती. सगळं ऐकून घेतलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "आई तुमाला भाकरी देत व्हती ना, मास्तर?" एवढंच. मग तोंड फिरवून पुन्हा काजं करू लागली. नातवाच्या त्या वर्षाचा आजा मी खाल्ला होता, लाडवासकट.

कार्डं पुन्हा सुरू झाली. 'छह मील, सब ठीक.' मी टाचण्या काढून पहिल्यापासून टोचू लागलो. पोरांनी विचारलं, "मास्तर, एकदा झालं ना?" मी म्हणालो, बे एके बे आहे हे, पुन्हा घ्यावं लागतं. मधून मधून मुक्काम वाढत गेले, आणि समुद्रापाशी पोचायला त्यांना मागच्यापेक्षा महिनाभर जास्त लागला. मग एका कार्डात 'चार मील' आलं. तीस वर्षांत आणि दोन परिक्रमांत पहिल्यांदा. ते कार्ड मी सुगंधाला दाखवलं नाही. पुढे चारच येऊ लागले. मग तीन. दोन पावसाळे असे सरले, आणि नंतर दीड महिना काहीच आलं नाही. मी रोज खोपोलीची गाडी आली की टपालाची पिशवी उतरेपर्यंत उभा राहायचो. त्या दीड महिन्यात मला बाटलीचा तो शेवटचा थेंब रोज दिसत होता. मग उगमाकडून कार्ड आलं: 'बुखार था. बोतल है.'

वैशाखात मी पुन्हा हंडियाला गेलो. या वेळी मला दिवस नेमका ठरवता आला नाही, म्हणून नऊ दिवस घाटावर बसलो. हात पाठीमागे बांधून. गुरुजींना माझी ओळख पटली होती. ते येता-जाता स्वतःचा तांब्या उचलून पलीकडे ठेवत.

नवव्या दिवशी सकाळी तात्या आले. आधी मी ओळखलंच नाही, कारण पाऊल वेगळं पडत होतं. स्लीपरचं वळण गेलं होतं. आखूड, ओढलेलं, जमीन चाचपत टाकलेलं पाऊल. पिशवी पाठीवर तशीच, निवारीच्या पट्ट्यांच्या जागी दोऱ्या. मला पाहून थांबले. सरळ पाण्यात उतरले, बाटलीचं बूच काढलं आणि पाणी सोडलं. ओठ हलत होते. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही आणि मी जवळही गेलो नाही. मग पिशवीतून येतानाचं लुगडं काढलं, नदीत भिजवलं, पिळलं आणि पायरीवर उन्हात पसरलं. साडेतीन वर्षं पाठीवर राहून त्याच्या घड्या विरल्या होत्या.

"झालं," ते म्हणाले आणि लुगड्याशेजारी बसले.

त्यानंतर तात्या चार वर्षं जगले. खालापूरला लेकीकडे, नातवाला पाऊल मोजून टाकायला शिकवत. पण मला ते आठवतात ते त्या सकाळचेच.

लुगडं सुकेपर्यंत आम्ही बसलो. मग त्यांनी पलीकडच्या तीराकडे हनुवटी केली. "ते देऊळ. चांगलं हाय?"

"नीट पाहिलं नाही, तात्या," मी म्हणालो. "मी आशीर्वाद देण्यात होतो."

ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. आता त्यांना ओलांडायला मोकळीक होती. तोच म्हातारा नावाडी हाका घालत होता. तात्यांनी लुगड्याची घडी केली, रिकामी बाटली त्यात गुंडाळली आणि ती मांडीवर घेऊन नावेत बसले. मीही उठलो, धोतर झटकलं आणि एक पाय नावेत टाकला.

"तुमी कुटं?" तात्या म्हणाले. "तुमी बसा हितंच. तुमी हिला घिऊन एकडाव जाऊन आलात. आता मला जाऊ द्या."